घाटमाथ्यावर रुसलेली गाडी

गाडी दारात आली की तिची पहिली फेरी देवाला, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. पुण्या-मुंबईच्या बाजूला पुष्कळ घरांत हा देव म्हणजे कार्ल्याची एकवीरा आई. मग गाडी कोरी करकरीत असो की दुसऱ्याच्या हातून आलेली असो. हार तोच, नारळ तोच आणि चाकाखालचं लिंबूही तेच. एकवीरेचं दर्शन झालं की ओघानंच लोणावळा आलं. एक रात्र मुक्काम, धुक्यातली गरम भजी, येताना चिक्कीचे पुडे.

या रिवाजात हल्ली एक नवी गोष्ट शिरली आहे. दारात येणारी गाडी पुष्कळदा जुनी आणि डिझेलवरची असते. मारुतीनं 2020 च्या एप्रिलपासून डिझेल मोटारी बनवणं थांबवलं, इतरांनीही लहान डिझेल गाड्या एकेक करून बंद केल्या. त्यामुळे रोजची धाव लांबची आहे आणि गाडी छोटी हवी आहे, अशा घराला बहुतेक वेळा जुनीच शोधावी लागते. शिवाय 2015 साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना बंदीचा हुकूम काढला, तेव्हापासून तिकडच्या कितीतरी गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या.

तर मैत्रिणींनो, अशी एखादी गाडी तुमच्याकडे नुकतीच आली असेल आणि येत्या पावसाळ्यात मावळात जायचा बेत असेल, तर हे वाचून ठेवा. कारण पुण्याच्या पार्किंगमध्ये चावी फिरवताच सुरू होणारी गाडी लोणावळ्याच्या पहिल्याच सकाळी हटून बसते. सासूबाई शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसलेल्या, मुलं कंटाळलेली, हे चावी फिरवून फिरवून घामाघूम, आणि आपण छत्री धरून उभ्या! अशा वेळी कुणीतरी छातीठोकपणे सांगतो, “लोणावळा उंचावर ना, हवा विरळ, डिझेल गाड्यांना त्रास होणारच.” यावर बिलकूल विश्वास ठेवू नका. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण सव्वासहाशे मीटर उंच आणि पुणं साडेपाचशेच्या पुढे. फरक जेमतेम एका पर्वतीएवढा! उंचीनं काही होत नाही. होतं ते गारठ्यानं, ओलीनं आणि उतारानं. ते कसं, हे पुढे सांगतेच.

आधी रस्त्याचं बोलू. नव्यानं घेतलेली जुनी गाडी घेऊन निघताना द्रुतगती मार्गाच्या मोहात पडू नये, असं माझं मत आहे. तिथं वाटेत थांबता येत नाही आणि काही बिनसलं तर शेजारी गाव नाही. जुना हमरस्ता देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत असा गावागावांतून जातो. अर्धा तास जास्त लागेल, लागू द्या. पावसाळ्यात या रस्त्याची शोभाच वेगळी. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही तिन्ही खोरी हिरवीगार झालेली असतात. जुलैत भातलावणी चाललेली असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांच्या ओळी आणि त्यांच्या डोक्यावरची इरली नाहीतर प्लॅस्टिकचे कागद. आपल्या स्वयंपाकघरात शिजणारा, चिकट आणि गोडसर इंद्रायणी तांदूळ इथल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्राची देणगी. परतताना पाच किलो घ्यावाच.

आणि या रस्त्यावर अडकून पडणाऱ्या आपण काही पहिल्या नव्हे. 1779 च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर निघाली होती. हजारो बैल, तोफा, सामानसुमान, त्यामुळे चाल गोगलगाईची. तळेगावापर्यंत पोचले तो मराठ्यांनी चारा-धान्य जाळून ठेवलेलं. माघारी फिरले आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेनं त्यांना असं घेरलं की तह करून मान खाली घालून जावं लागलं. त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट म्हणजे आपल्या लोकांचा ‘इष्टूर फाकडा’. शत्रूच्या शूर माणसाला असं लाडकं नाव द्यावं, हे मराठी माणसानंच करावं! त्याची समाधी वडगावात आहे. पण तिकडे रमले तर गाडी राहून जाईल.

आता त्या रुसलेल्या गाडीकडे येऊ. तुमच्या आईच्या किंवा आजीच्या स्वयंपाकघरातला पितळी पंपाचा स्टोव्ह आठवतो का? काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला अडकवायचा, पेटवायचा, बर्नर चांगला तापला की मग पंप मारायचा. घाई केली की नुसता रॉकेलचा वास आणि डोळ्यांत पाणी. डिझेल इंजिनाचं गणित पुष्कळसं असंच आहे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. हवा दाबून दाबून पंधरा-वीस पट लहान जागेत कोंबतात, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे एवढं जमावं लागतं: इंजिन जोरानं फिरलं पाहिजे, हवा घट्ट कोंडली गेली पाहिजे, डिझेल वेळेवर आणि नीट दाबानं पोचलं पाहिजे. आणि गारठ्यात मदतीला काकडा लागतो. गाडीतल्या या काकड्याला मेकॅनिक लोक ‘हीटर प्लग’ म्हणतात. चार सिलिंडरच्या इंजिनाला ते चार असतात.

चावी अर्धी फिरवली की समोर गुंडाळलेल्या तारेसारखा पिवळा दिवा लागतो, तो काकड्याचा. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मगच सेल्फ मारायचा. पेट्रोलची गाडी चालवून आलेली मंडळी हे दोन-चार सेकंद थांबायला राजी नसतात, त्यांना हाताला धरून थांबवा. मात्र एक ध्यानात ठेवा, दिवा लागला म्हणजे प्लग तापले असं नाही. दिवा वेळेच्या हिशेबानं लागतो आणि विझतो. प्लग जळलेले असले तरी तो बिचारा इमानानं आपलं काम करतोच. म्हणून सकाळी गाडी पकडत नसेल तर चावी अर्धी फिरवा, दिवा विझू द्या, चावी बंद करा, असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारून पाहा. एवढ्यानं गाडी सुरू झाली तर संशय हीटर प्लगांवर. मीटर लावून मेकॅनिक ते दोन मिनिटांत तपासतो. जुने प्लग काढताना मात्र त्याला घाई करू देऊ नका. वर्षानुवर्षं न हललेला प्लग आत तुटून बसला तर स्वस्तातलं काम महागात जातं.

आता कान आणि नाक वापरायची वेळ. सेल्फ मारल्यावर इंजिन रडतखडत फिरतंय का, की झपाट्यानं फिरतंय पण पकडत नाही? रडतखडत फिरत असेल तर बाकी काहीही बोलण्याआधी बॅटरी पाहा. डिझेल इंजिनातली हवा दाबायला जोर लागतो, म्हणून त्याची बॅटरीही मोठी असते. विकणाऱ्यानं तिथं पेट्रोलच्या गाडीची लहान, स्वस्त बॅटरी बसवून दिलेली नाही ना, हे गाडीच्या पुस्तकाशी ताडून घ्या. रात्रभर विसावलेल्या धडधाकट बॅटरीवर मीटर साडेबारा व्होल्टच्या वर दाखवतो आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. पुष्कळदा बॅटरी चांगली असते, तारांच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते, एवढंच. हे आपलं घरचं काम! चमचाभर खायचा सोडा कोमट पाण्यात घाला, जुन्या टूथब्रशनं टोकं घासा, पुसून खडखडीत कोरडी करा आणि घट्ट बसवून वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. निगेटिव्ह तार आधी काढायची आणि लावताना शेवटी लावायची, हे विसरू नका.

इंजिन झपाट्यानं फिरतंय, पण पकडत नाही, असं असेल तर छत्री घेऊन गाडीच्या मागं जा आणि सायलेन्सरकडे पाहा. धूर येतोय का? मुळीच येत नसेल तर डिझेल आत पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे ऊब कमी किंवा हवेचा दाब कमी. लोणावळ्याच्या धुक्यात पांढरा धूर दिसायचा कसा, असं विचाराल. तो नाकानं ओळखायचा. न जळलेल्या डिझेलचा वास लपत नाही आणि डोळेही चुरचुरतात.

हवेचा दाब कमी, ही तक्रार मात्र खर्चाची. कुकरची रिंग सैल झाली की वाफ कडेनं जाते आणि शिटी होत नाही, तसंच इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या की हवा निसटते. पुण्यात कोरड्या उन्हात असलं इंजिन कसंबसं पेटतं, लोणावळ्याच्या गार सकाळी मात्र त्याचं पितळ उघडं पडतं. दाब मोजायचं यंत्र असतं. गाडी घ्यायच्या आधीच ते लावून घेतलेलं सगळ्यांत चांगलं.

धूरच नाही, या प्रकाराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तो आमच्याच गाडीच्या बाबतीत झाला. मागच्या जुलैत आम्ही तुंगार्लीला नातेवाइकांच्या बंगल्यात उतरलो होतो. लोणावळ्याचे बंगले तुम्हाला ठाऊकच आहेत, फाटकापासून दारापर्यंत चढ. गाडी रात्री चढावर, तोंड वर करून उभी. सकाळी सेल्फ झकास फिरायचा, धुराचा पत्ता नाही; तीन-चार वेळा लांबलचक सेल्फ मारला की एकदाची पकडायची. त्यानंतर दिवसभर कितीही वेळा बंद करा, चावी फिरवली की सुरू! दोन दिवस लागोपाठ हेच. ह्यांनी पुण्याच्या एका गॅरेजला फोन लावला. तिकडून न बघताच उत्तर आलं, “चारही इंजेक्टर गेले, पन्नास हजारांच्या घरात जाईल.” पन्नास हजार म्हणजे माझी दोन वर्षांची भिशी! ती मी धाकटीच्या फीसाठी बाजूला ठेवलेली. ह्यांचं म्हणणं, गाडी घेतली तर खर्च आलाच. माझं म्हणणं, इंजेक्टर जर गेले असतील तर दुपारी ते कसे बरे होतात?

परतताना कामशेतला थांबलो. कामशेत म्हणजे नाणे मावळाची बाजारपेठ. ट्रॅक्टर, पिकअप, शेतीची इंजिनं, सगळी इथं दुरुस्तीला येतात. एका टपरीवजा गॅरेजातल्या वयस्क मिस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, “रात्री गाडी लावली कशी व्हती, ताई? तोंड वर का खाली?” वर, असं सांगितल्यावर ते हसले. “मग हवा घेतीय ती. डिझेल रातचं माघारी टाकीत उतरतंय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. टाकी मागं, इंजिन पुढं. चढावर तोंड करून लावली की टाकी खाली आणि इंजिन वर. वाटेतली रबरी नळी कुठं भेगाळली असेल, फिल्टरची रबराची रिंग कडक झाली असेल, तर तिथून रात्रभर केसाएवढी हवा आत शिरते आणि नळीतलं डिझेल मागं सरकतं. सकाळी पंपाच्या तोंडी डिझेलऐवजी हवा. एकदा भरलं की दिवसभर तक्रार नाही. त्यांनी फिल्टरपाशी वीतभर पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू केलं. आत बुडबुड्यांची माळ धावताना आम्ही सगळ्यांनी पाहिली, सासूबाईंनीसुद्धा. नळी आणि दोन क्लिपा बदलल्या. मजुरी धरून सहाशे रुपये झाले.

ही परीक्षा तुम्हाला घरीही करता येते आणि पैसा लागत नाही. एक रात्र गाडी तोंड वर करून लावा, दुसऱ्या रात्री तोंड खाली करून. खाली तोंड असताना सकाळी पटकन सुरू झाली तर हवेचाच संशय धरा. काही गाड्यांत फिल्टरजवळ हातानं दाबायचा रबरी फुगा किंवा बटण असतं. सकाळी ते कडक लागेपर्यंत दाबून मग सेल्फ मारला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर तेच निदान.

इंजेक्टर कधी बिघडतच नाहीत असं मात्र समजू नका. आताच्या डिझेल गाड्यांत डिझेल फार मोठ्या दाबानं साठवून मग सोडतात. झिजलेला इंजेक्टर ते डिझेल परतीच्या नळीतून वाहू देतो आणि दाब चढतच नाही. असली गाडी गार असताना कदाचित बरी सुरू होईल, पण तापल्यावर, म्हणजे एकवीरेच्या पायथ्याशी तासभर थांबून आलात की, पकडणार नाही. त्याची तपासणी साधी आहे: चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडतात, इंजिन चालवतात आणि कुठल्या बाटलीत डिझेल जास्त साचलं ते बघतात. ज्याची बाटली लवकर भरली तो दोषी. ही बाटल्यांची परीक्षा केल्याशिवाय चारही बदला म्हणणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊ नका. चारातला एकच खराब निघाला तर बाकी तिघांचे पैसे वाचतात.

आता पावसाचं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो; पुण्यात सातशेच्या आसपास. हवेतली ही ओल अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि खाली उतरते. विकायला म्हणून महिनोन्‌महिने आवारात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत तर ती आधीच साचलेली असते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी जमतं. पुष्कळ फिल्टरना खाली ते सोडायचा स्क्रू असतो. लोणच्याची रिकामी काचेची बरणी धरून मेकॅनिककडून थोडं सोडवून घ्या आणि पाच मिनिटं ठेवून पाहा. खाली पाण्याचा थर वेगळा दिसेल. जुनी गाडी घेतली की डिझेल फिल्टर विचार न करता नवा घालावा आणि घाटमाथ्यावर मुक्कामाला जाताना टाकी भरून घ्यावी.

काही गोष्टी मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नका. एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं, नाहीतर सेल्फ जळतो. हवेच्या नळीत पेट घेणारा फवारा मारून गाडी सुरू करण्याची एक युक्ती लोक सांगतात. तापलेल्या हीटर प्लगशी गाठ पडली तर स्फोट होतो. आणि उतारावर धक्का स्टार्ट नको. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखे होतात, स्टिअरिंग जड होतं आणि लोणावळ्याचे उतार वळणाचे. बॅटरीच उतरली असेल तर शेजारच्या गाडीवरून जंपर केबल लावून घ्यावी.

अजून गाडी घ्यायची असेल तर हे सगळं टाळायचा एक सोपा उपाय आहे. विकणाऱ्याला आदल्या दिवशी बजावून ठेवा की उद्या सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवा. उबदार लागलं तर चहा घेऊन परत या आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. दाखवायच्या कार्यक्रमात मुलीला पावडर लावून बसवावं, तशी गाडीही आधी तापवून ठेवलेली असते! गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यात पकडतं का, सुरुवातीला थरथरतं का, धूर कसला येतो, हे तिथं उभं राहून स्वतः बघा. पुरुषमंडळी त्या वेळी टायर आणि टेप बघण्यात गुंतलेली असतात.

गाडीची ही तयारी झाली असेल तर लोणावळ्याहून निघताना सकाळी मळवलीकडे वळा आणि गर्दी व्हायच्या आत भाजे लेणी पाहून घ्या. कार्ल्याचं चैत्यगृह भव्य खरं, छताच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी तिथं अजून आहेत. पण मला भाजेच जास्त आवडतं. तिथल्या एका विहाराच्या भिंतीवर तबल्यासारखं वाद्य वाजवणारी बाई कोरलेली आहे, आणि पावसाळ्यात शेजारच्या धबधब्याचा आवाज आत ऐकू येतो. पायऱ्या ओल्या असतात, सासूबाईंना काठी द्या. गाडी पायथ्याशी लावताना तोंड उताराकडे करा, रिव्हर्स गिअर टाका, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, आणि मग निवांत वर जा.